नात्याचा रकाना

शिवणबाईंचं खरं नाव मला कितीतरी वर्षं माहीतच नव्हतं. शाळेत त्या शिवण आणि चित्रकला शिकवायच्या, म्हणून शिवणबाई. माझी आत्या त्याच शाळेत गणित शिकवायची. मालवण तालुक्यातल्या त्या गावात दोघी एकाच घरात राहायच्या, १९७८ पासून. जागा शिवणबाईंनी घेतलेली, भिंतींच्या चिऱ्यांचे पैसे आत्याच्या प्रॉव्हिडंट फंडातून आलेले. मे महिन्यात आम्ही मुंबईहून सुट्टीला जायचो तेव्हा पडवीतून पायमशीनची खडखड आणि माजघरातून शिकवणीच्या पोरांचे पाढे, असे दोन्ही आवाज एकदमच कानावर यायचे. रात्री जेवणं झाली की दोघी पायरीवर बसायच्या. आत्या सुपारी कातरायची, शिवणबाई रेडिओ लावायच्या. बोलणं फारसं नसायचं.

गावाने कधी काही विचारलं नाही. बाहेरगावच्या दोन मास्तरणी एका बिऱ्हाडात राहतात, यात विचारायचं काय? ‘दोगी सख्ख्या भयणीसारख्यो रवतत,’ असं शेजारची काकी कौतुकाने म्हणायची. आमच्या घरातही तेच. आजीने एके काळी आत्यासाठी स्थळं आणली होती, ती एकेक करून मोडली, मग तिचं वय उलटलं आणि विषय संपला. ‘बहिणीसारख्या’ या एका शब्दाने सगळ्यांची सोय झाली होती. ती सोय त्या दोघींना केवढ्याला पडणार आहे, हे २००८ पर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्या वर्षी जुलैमध्ये शिवणबाईंना झटका आला. गावातून तालुक्याला, तिथून लांबच्या मोठ्या इस्पितळात. डोक्यात रक्तस्राव झाला होता, ऑपरेशन करायचं ठरलं. संमतीपत्रावर ‘रुग्णाशी नाते’ असा एक रकाना होता. आत्याने आपल्या ठसठशीत अक्षरात लिहिलं, ‘मैत्रीण’. खिडकीतल्या माणसाने कागद परत सरकवला. रक्ताच्या नात्याचं कुणी नाही का? आत्या म्हणाली, आम्ही तीस वर्षं एका घरात राहतोय. तो म्हणाला, “बाई, मला कळतं हो, पण मैत्रिणीची सही चालत नाही.” शेवटी डोंबिवलीच्या भाच्याला, शिवणबाईंच्या भावाच्या मुलाला, फोन गेला. त्याची आणि शिवणबाईंची अकरा वर्षांत भेट नव्हती. तो रात्रीच्या गाडीने निघाला, सकाळी पोचला, सही केली. रात्रभर आत्या जिन्यात बसून होती. शिवणबाई पुढे एकोणीस दिवस जगल्या. त्या रात्रीच्या उशिराने काही बिघडलं का, हे मला सांगता येणार नाही. आत्या तो हिशेब आजही करते.

मृत्युपत्राचं दोघींनी कधी मनावर घेतलं नव्हतं. लग्न न झालेली हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली आणि तिचे आईवडील हयात नसले, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे तिची मालमत्ता वडिलांच्या वारसांकडे जाते. म्हणजे भावांकडे, भावांच्या मुलांकडे. घर तसंच गेलं. शिवणबाईंची पेन्शनही थांबली, कारण कुटुंबनिवृत्तिवेतन मिळायला आधी कागदावर कुटुंब असावं लागतं. भाचे वाईट नव्हते. त्यांनी आत्याला सहा महिन्यांची मुदत दिली आणि कायद्याने जे त्यांचं होतं ते घेतलं. पायमशीनही गेली. आत्याने एकच वस्तू मागून घेतली, बॉबिनचा डबा. बिस्किटांचा जुना निळा पत्र्याचा डबा, आत तीस-चाळीस बॉबिनी, प्रत्येकीवर कुठल्या ना कुठल्या कामातून उरलेला दोरा. शाळेच्या गणवेशाचा निळा, माझ्या परकराचा डाळिंबी, कुणाच्या तरी लग्नातला जरीच्या रंगाचा. भाड्याच्या खोलीत राहायला गेली त्या दिवशी आत्या तो डबा मांडीवर घेऊन रिक्षात बसली होती. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते, तिच्या शेजारी बसले होते, आणि तरी माझ्या मनात एवढंच आलं की बिचारीची जिवाभावाची मैत्रीण गेली.

२०१३ मध्ये नोकरीसाठी मी डब्लिनला आले आणि ड्रमकॉन्ड्रा भागात एका सत्तरीतल्या विधवा बाईंच्या घरी वरची खोली भाड्याने घेतली. बाई रोज सकाळी चर्चला जायच्या. स्वयंपाकघरात येशूची तसबीर आणि तिच्याखाली चोवीस तास जळणारा छोटा लाल दिवा. त्या दिव्यामुळेच असेल, मला ते घर पहिल्या दिवसापासून परकं वाटलं नाही.

आयर्लंड किती जुन्या वळणाचा देश होता ते मला हळूहळू कळत गेलं. पुरुषांमधले समलिंगी संबंध तिथे १९९३ पर्यंत गुन्हा होते. समलिंगी हक्कांसाठी लढणाऱ्या डेव्हिड नॉरिस यांनी त्याविरुद्ध युरोपीय मानवी हक्क न्यायालयात १९८८ मध्ये निकाल मिळवला, तरी कायदा बदलायला सरकारने पाच वर्षं लावली. घटस्फोटाला परवानगी द्यायची की नाही यावर १९९५ मध्ये सार्वमत झालं, आणि ते ५०.२८ टक्क्यांनी, म्हणजे केवळ नऊ हजारांच्या आसपास मतांनी पास झालं. तिथे घटनेतला एक शब्द जरी बदलायचा तरी जनतेचा कौल घ्यावाच लागतो. २०१० मध्ये समलिंगी जोडप्यांसाठी नागरी भागीदारीचा कायदा आला. त्याने बऱ्याच सोयी दिल्या. पण घटना ज्याला ‘कुटुंब’ म्हणते त्यात ही जोडपी बसत नव्हती, कारण ते कुटुंब लग्नावर उभं होतं.

मग २०१३ मध्ये एक वेगळीच गोष्ट झाली. घटनेत काय बदलावं यावर विचार करायला शंभर जणांची सभा बसवली होती. एक अध्यक्ष, ३३ राजकारणी आणि ६६ साधे नागरिक, मतदार यादीतून निवडलेले. कुणी गृहिणी, कुणी कामगार, कुणी निवृत्त. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या, वकिलांना प्रश्न विचारले, आणि ७९ टक्के जणांनी समलिंगी विवाहाच्या बाजूने कौल दिला. त्यावरचं सार्वमत मे २०१५ मध्ये झालं. याआधी पंतप्रधान एन्डा केनी या प्रश्नावर स्पष्ट बोलायचं टाळायचे. मेयोसारख्या ग्रामीण भागातला हा कॅथलिक नेता पुढे स्वतः होकाराच्या प्रचाराला उतरला. मोठे पक्ष सगळे होकाराच्या बाजूने उभे राहिले. तरी सगळ्यांचंच मन त्यात होतं असं नाही. फिअना फॉइल पक्षाच्या सिनेटर अ‍ॅव्हरिल पॉवर यांनी मतदानानंतर तीनच दिवसांत पक्ष सोडला, आणि आपल्या पक्षातले बहुतेक लोक प्रचाराला फिरकलेच नाहीत ही त्यांची तक्रार होती. राजकीय पाठिंबा म्हणजे नेमकं काय, हे मला त्यातून समजलं. ठराव करायला एक बैठक पुरते. लोकांच्या दारात जाऊन उभं राहायला माणसं लागतात.

ती माणसं एप्रिल २०१५ मध्ये आमच्याही दारात आली. एक कॉलेजातली मुलगी आणि पन्नाशीचा एक गृहस्थ, दोघांच्या कोटावर ‘टॉ’ असं लिहिलेला बिल्ला. आयरिश भाषेत मतपत्रिकेवर होकारासाठी हाच शब्द असतो. पाऊस भुरभुरत होता. दार मी उघडलं. मी नागरिक नाही, मला मत नाही, असं मी सांगितलं. परवान्यावर काम करणारी परदेशी बाई, तिला विचारून काय उपयोग? पण तो गृहस्थ म्हणाला, तुम्ही इथे राहता ना, मग तुम्हालाही सांगतो. तोवर घरमालकीणबाई मागून आल्या. तो त्यांच्याकडे वळला आणि म्हणाला की मी माझ्या जोडीदाराबरोबर चोवीस वर्षं राहतोय, आणि आम्हाला लग्न करायचंय.

बास. एवढंच बोलला. त्याच्या केसांवरून पाणी निथळत होतं आणि पत्रकं भिजू नयेत म्हणून त्याने ती कोटाच्या आत धरली होती. बाईंनी त्याला चहा विचारला. तो म्हणाला, अजून चाळीस घरं राहिलीत.

त्या रात्री मला झोप लागली नाही. त्याच्या ‘चोवीस वर्षं’मागे मला आत्याचं ‘तीस वर्षं’ ऐकू आलं. तोच स्वर. खिडकीपाशी उभं राहून कुणा अनोळखी माणसाला आपला संसार मोजून दाखवण्याचा. पायरीवरच्या त्या दोन बायका, तो रेडिओ, ती सुपारी, आजीने आणलेली स्थळं, सगळं माझ्यापुढे नव्याने उभं राहिलं. मला वाटलं, मी इतकी वर्षं त्या घरात ये-जा करत होते आणि मला दिसलंच नाही.

आणखी एक सांगते. आयर्लंडच्या सार्वमताचं कौतुक करताना लोक एक गोष्ट विसरतात. त्या माणसाला आपल्या लग्नाची परवानगी देशभरातल्या अनोळखी लोकांकडे मागावी लागली. माझ्या ऑफिसात गॉलवेचा एक सहकारी होता. तो आठवड्यातल्या चार संध्याकाळी दारोदार जायचा, आणि एका सोमवारी तो काहीच न बोलता खुर्चीत बसून राहिला. आदल्या दिवशी एका घरात त्याला त्याच्या लहानपणीच्या शिक्षकांनी ओळखलं होतं आणि दार लावून घेतलं होतं. दिव्यांच्या खांबांवर नकाराच्या बाजूची पोस्टरं होती, मुलांना आई आणि वडील दोघंही हवेत असं सांगणारी. त्यांच्याखालून लेकरांना शाळेत घेऊन जाणाऱ्या दोन आया मी रोज बघायचे. बहुमताने हक्क द्यायचा ही पद्धत मला तेव्हाही पटली नव्हती आणि आजही पटत नाही.

तरी त्या वर्षाची सुरुवात ज्या आवाजाने झाली तो आम्हा मालवणकडच्या माणसांना जवळचा होता. १८ जानेवारी २०१५, रविवार, आरोग्यमंत्री लिओ वराडकर यांचा छत्तिसावा वाढदिवस. रेडिओवरच्या मुलाखतीत त्यांनी आपण समलिंगी असल्याचं सांगितलं. ही गोष्ट गुपित नाही, पण सगळ्यांना ठाऊक असेल असंही नाही, अशा अर्थाचं ते बोलले. आयर्लंडच्या मंत्रिमंडळात पदावर असताना हे उघडपणे सांगणारे ते पहिलेच. त्यांचे वडील डॉ. अशोक वराडकर मुंबईत वाढलेले, मूळ घराणं मालवण तालुक्यातल्या वराड गावचं. आमच्या गावापासून ते लांब नाही.

२२ मे रोजी मतदान झालं. घरमालकीणबाई मतदानाचं कार्ड आठवडाभर घड्याळामागे खोचून ठेवत होत्या. त्या दिवशी चर्चमधून परस्पर शाळेत जाऊन मत देऊन आल्या. मी न राहवून विचारलं, काय केलंत? त्या म्हणाल्या, “ते मला ठाऊक आणि त्या पेन्सिलीला ठाऊक.” त्यांनी काय खूण केली ते मला आजतागायत माहीत नाही, आणि पुन्हा मी विचारलं नाही.

शनिवारी दुपारी मी डब्लिन कॅसलच्या आवारात गेले. पटांगण माणसांनी भरलं होतं, मोठ्या पडद्यावर एकेका मतदारसंघाचा निकाल येत होता. ४३ पैकी ४२ मतदारसंघ होकाराचे. रॉसकॉमन–साउथ लीट्रिम तेवढा नकाराचा, तोही थोडक्यात. एकूण होकार १२ लाख १ हजार ६०७, नकार ७ लाख ३४ हजार ३००. म्हणजे ६२ टक्के. जनतेच्या थेट मताने समलिंगी विवाह मान्य करणारा आयर्लंड जगातला पहिला देश ठरला. फक्त मत द्यायला म्हणून परदेशातून विमानाने, बोटीने आलेली पोरं बॅगा पाठीवर घेऊन तिथे उभी होती.

त्या दिवसातलं मला सर्वांत लख्ख आठवतं ते वेगळंच. कॅथरीन झॅपोन आणि अ‍ॅन लुईझ गिलिगन ही जोडी तिथे सगळ्यांना माहीत होती. दोघी १९८१ मध्ये बॉस्टनला पीएच.डी. करताना भेटल्या. गिलिगनबाई माझ्या खोलीपासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या सेंट पॅट्रिक्स कॉलेजात शिकवायच्या. दोघींनी टॅला भागात गरीब बायकांसाठी शिक्षणकेंद्र काढलं होतं. २००३ मध्ये त्यांनी कॅनडात लग्न केलं आणि घरी येऊन करखात्याला कळवलं की आमची आकारणी आता विवाहित जोडपं म्हणून करा. खात्याने नकार दिला. त्या उच्च न्यायालयात गेल्या आणि २००६ मध्ये हरल्या. पण तिथून या प्रश्नाला जी धार आली ती पुढे बोथट झाली नाही. निकालाच्या दिवशी झॅपोन, तेव्हा त्या सिनेटर होत्या, कॅमेऱ्यापुढेच गिलिगनबाईंना म्हणाल्या, आता आपल्या देशात माझ्याशी लग्न करशील? दोघी शिक्षिका, दोघींचे केस पिकलेले, आणि सगळ्याची सुरुवात एका कराच्या फॉर्ममधून. मी पडद्यासमोर उभी राहून रडले. गिलिगनबाई दोन वर्षांनी वारल्या. पण त्यांच्या पत्नीला त्यांच्यासाठी कुठल्या खिडकीवर नातं समजावून सांगावं लागलं नसणार.

रविवारी सकाळी मी आत्याला फोन केला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. इथे मतदान झालं, कशावर झालं, ते सांगितलं. आत्याने नोकरीत असताना कितीदा निवडणुकीची ड्यूटी केलेली. तिने पहिला प्रश्न विचारला, “मतदान किती टक्के?” मी म्हटलं, साडेसाठ. मग विचारलं, “घटनेत काय लिहितील आता?” मी ते वाक्य मराठीत करून सांगितलं: दोन व्यक्तींना, त्यांच्यात लिंगभेद न करता, कायद्यानुसार विवाह करता येईल. तिने मला ते पुन्हा वाचायला लावलं.

“एवढंच?”

“एवढंच.”

बराच वेळ फोनवर फक्त पंख्याचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, “तुका कधी कळला?” शाळेत आणि आमच्याशी ती नेहमी शुद्ध बोलायची. मालवणी फक्त शिवणबाईंशी. मी म्हटलं, “आत्ताच, गेल्या महिन्यात.” ती म्हणाली, “बरां झाला,” आणि फोन ठेवला. त्यानंतर आम्ही दर रविवारी शिवणबाईंबद्दल बोलतो.

जून २०१७ मध्ये वराडकर पंतप्रधान झाले. आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर सकाळपासून ‘आमच्या वराडचो झील थंय पंतप्रधान झालो!’ चाललं होतं. फुलं, झेंडे, त्यांच्या काकांच्या जुन्या आठवणी. कुणीतरी लिहिलं की हा स्वतः डॉक्टर, बापही डॉक्टर. ग्रुपवर कधीही न लिहिणाऱ्या आत्याने त्याखाली तीन शब्द टाकले, ‘जोडीदारही डॉक्टर आहे.’ अर्धा तास कुणी काही लिहिलं नाही. मग माझ्या चुलतभावाच्या मुलीने, ती तेव्हा बारावीत होती, एक लाल हृदय टाकलं. २०१९ च्या डिसेंबरात वराडकर कुटुंबासह वराडला येऊन गेले, गावाने त्यांचं मनापासून स्वागत केलं. त्या स्वागतात खोट नव्हती. फक्त आपल्या वाडीतली मुलगी उद्या असंच काही सांगायला आली तर दार उघडं राहील का, हे मला त्या गर्दीतल्या प्रत्येकाला विचारावंसं वाटत होतं.

आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ ला दंडविधानाच्या कलम ३७७ मधला, प्रौढांच्या संमतीने असलेल्या समलिंगी संबंधांचा गुन्हा गेला. एप्रिल २०२२ मध्ये सुप्रिया सुळे यांनी समलिंगी विवाहासाठी विशेष विवाह कायद्यात बदल सुचवणारं खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराचं विधेयक, लोकसभेत मांडलं. अशी विधेयकं स्वातंत्र्यानंतर फक्त चौदा मंजूर झाली आहेत, शेवटचं १९७० मध्ये. तरी बारामतीच्या खासदाराने ते मांडलं याची आत्याने वहीत तारखेसह नोंद केली. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली तेव्हा केंद्र सरकारने ही मागणी शहरी उच्चभ्रूंची असल्याचं म्हटलं. ते वाचून आत्या चिडली. इतकी चिडलेली मी तिला कधी ऐकली नव्हती. “चिऱ्याचं घर, विहिरीचं पाणी, दोन मास्तरणींचे पगार. आम्ही कुठल्या शहरातल्या उच्चभ्रू?” १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी हा मुद्दा खोडला, पण लग्नाचा मूलभूत हक्क घटनेत नाही यावर पाचही न्यायाधीशांचं एकमत झालं आणि चेंडू संसदेकडे गेला. २०२४ च्या निवडणुकीत काँग्रेसने जाहीरनाम्यात अशा जोडप्यांच्या नागरी बंधनाला (सिव्हिल युनियन, लग्नासारखं कायदेशीर नातं) मान्यता देण्याचा कायदा आणू असं लिहिलं, मार्क्सवाद्यांनीही आश्वासन दिलं. दहा वर्षांपूर्वी कुठल्या जाहीरनाम्यात हे छापायचं धाडस झालं असतं? त्याच वर्षी सप्टेंबरात केंद्राने जाहीर केलं की अशा जोडप्यांना बँकेत संयुक्त खातं उघडता येईल, जोडीदाराला नॉमिनी करता येईल, रेशनकार्डावर एक कुटुंब म्हणून नाव लावता येईल. जवळचे नातेवाईक नसतील तर पार्थिव ताब्यात घेता येईल. मी हे आत्याला फोनवर वाचून दाखवलं. शेवटच्या वाक्यावर ती म्हणाली, “नातेवाईक नसतील तर.” आणि पुढचं वाचू दिलं नाही.

मला आता आयर्लंडचं नागरिकत्व मिळालंय, तिथे मत आहे. पण मला तिथल्या घटनेतलं ते वाक्य आपल्या भाषेत, आपल्या कायद्यात हवंय. आत्या हयात असताना हवंय.

गेल्या हिवाळ्यात तिच्या डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूसाठी मी सुट्टी घेऊन गेले. खिडकीवर फॉर्म मिळाला. मी भरते म्हटलं तर ऐकेना. चष्मा नाकावर घेऊन एकेक रकाना तिने स्वतः भरला: नाव, वय ७७, पत्ता, जवळचे नातेवाईक म्हणून माझं नाव, ‘भाची’. वैवाहिक स्थितीपाशी तिचं पेन थांबलं. विवाहित, अविवाहित, विधवा, घटस्फोटित. पेनाचं टोक ‘विधवा’वर बराच वेळ टेकलेलं मला दिसलं. मग तिने ते उचललं आणि पुढच्या ओळीवर रक्तगट लिहिला.

खिडकीतल्या मुलीने फॉर्म वाचला. “आजी, हे एक राहिलं.”

“राहू दे बाळ,” आत्या म्हणाली. “माझा पर्याय छापलेला नाही.”

मुलीने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि शिक्का मारला. आम्ही बाकावर जाऊन बसलो. नर्सने येऊन आत्याच्या डोळ्यात थेंब घातले आणि सांगितलं, दर दहा मिनिटांनी परत घालायचे आहेत, डोळा मिटून ठेवा. आत्याने डोळा मिटला आणि माझा हात हातात धरून ठेवला.